यकृतातल्या पित्तनलिकेचा कॅन्सर, ऑपरेशन शक्य नाही : केमोबद्दल अनुभव आणि माहिती हवी आहे (पुणे)

जुजबंदी | १५ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथला मी जुना वाचक. लिहायला बसलोय ते पहिल्यांदाच, आणि तेही अशा विषयावर.

माझे काका, वय ६७. नारायण पेठेत त्यांचं बाइंडिंगचं काम आहे. दोन खोल्या, हाताने फिरवायचं कटिंग मशीन, खळीचं पातेलं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. लग्न केलं नाही. मी आठवीत असताना बाबा गेले, तेव्हापासून आमचं घर त्यांनीच चालवलं. ग्रंथालयांची जुनी पुस्तकं उसवून फर्मे पुन्हा शिवायचं काम ते अजूनही दाभण आणि दोऱ्याने करतात.

एप्रिलमध्ये त्यांच्या अंगाला खाज सुटली. उन्हाळा आहे, घामोळं असेल म्हणून सोडून दिलं. मग भूक गेली, वजन सहा किलो उतरलं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर ओळखीतल्या चौघांनी कावीळ उतरवणाऱ्याचाच पत्ता दिला. मीच गाडीवर बसवून घेऊन गेलो. तीन आठवडे ताक-भात आणि त्या पुड्या. ते तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शेवटी सोनोग्राफी केली. यकृताच्या डाव्या भागात आठ सेंटिमीटरची गाठ. सीटी, एमआरआय, बायोप्सी सगळं झालं. निदान : इन्ट्राहेपॅटिक कोलँजिओकार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या आतल्या पित्तनलिकांचा कॅन्सर. हा दुसरीकडून यकृतात आलेला नाही ना, हे बघायला वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण घातली. तिथे काही निघालं नाही. सर्जननी स्कॅन पडद्यावर लावून दाखवला. डाव्या भागाशिवाय उजवीकडेही लहान गाठी आहेत आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेला गाठीने वेढलंय. सगळं काढायचं तर मागे जगण्याइतकं यकृत उरत नाही. त्यामुळे ऑपरेशन नाही.

गेल्या आठवड्यात ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला. तेव्हा बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १४ होतं, आज ८.६. ते उतरलं की केमो सुरू करायची म्हणतात. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. सोबत इम्युनोथेरपीचं एक इंजेक्शनही सुचवलंय. त्याचा आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलोच नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या केमोने नेमकं काय साधतं? ते महाग इंजेक्शन न घेतल्यास आपण काय गमावतो? आणि तिसरी गोष्ट काकांची. डॉक्टरांनी पाऊण तास समजावून सांगितलं, त्यावर त्यांनी एकच विचारलं : "हात चालतील ना?"

तळजाई | १६ जून, सकाळी ६:१५

वाचून गलबललं. माहिती देण्याइतकं मला काही कळत नाही, पण रुग्णालयात बदली माणूस हवा असेल तर सांगा. मी सहकारनगरला असते, दुपारी मोकळी असते.

ओपीडी_सात | १६ जून, रात्री १०:०५

मी मेडिसिन शिकवतो. कॅन्सरतज्ज्ञ नाही, तेव्हा निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टबरोबरच करा. त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल एवढं लिहितो.

आधी एक समाधानाची गोष्ट. केमोच्या आधी स्टेंट टाकला हे बरोबर झालं. पित्त तुंबलेलं असताना केमो दिली तर यकृताला ती औषधं पेलत नाहीत, आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर माणूस दोन दिवसांत गंभीर होतो. तेव्हा बिलिरुबिन उतरेपर्यंत जाणारे दिवस वाया चाललेत असं समजू नका.

जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनला आधार आहे तो एबीसी-०२ या ब्रिटिश चाचणीचा. २०१० साली प्रसिद्ध झाली, ४१० रुग्ण होते. नुसत्या जेमसिटाबिनवर मध्यक आयुर्मान ८.१ महिने आलं, जोडीवर ११.७. हा आकडा वाचून घाबरू नका, आधी त्याचा अर्थ नीट घ्या. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्यापेक्षा जास्त जगली. कोणाला ११ महिने मिळाले आणि कोणाला तीन वर्षं, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. शिवाय त्या चाचणीत पित्ताशयाचे आणि यकृताबाहेरच्या नलिकांचे रुग्णही होते.

इंजेक्शन बहुधा ड्युर्वालुमॅब असेल. त्याची चाचणी टोपाझ-१, ६८५ रुग्ण, २०२२ साली प्रसिद्ध झाली. मध्यकात फरक जेमतेम सव्वा महिन्याचा : ११.५ विरुद्ध १२.८. पण दोन वर्षांनी हयात असलेले बघितले तर केमोवाल्यांत शंभरात १० आणि इंजेक्शन जोडलेल्यांत २५. म्हणजे बहुतेकांना फारसं काही मिळत नाही, थोड्यांना मात्र खूप मिळतं, आणि ते थोडे कोण हे सुरुवातीला ओळखण्याची खात्रीची खूण आज हातात नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचा अनुभवही असाच आहे. २०२३ सालच्या चाचणीत १०.९ विरुद्ध १२.७ महिने.

ते इंजेक्शन केमोबरोबर दर तीन आठवड्यांनी आणि केमो संपल्यावर दर चार आठवड्यांनी चालू ठेवायचं असतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क काढलं, पुढे जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला. तरी एका डोसचा आकडा लाखांतच जातो. कंपनीची रुग्णसहाय्य योजना आहे का, ते ऑन्कॉलॉजिस्टच्या ऑफिसात विचारा. आणि घर विकून हे इंजेक्शन घेतलंच पाहिजे असं मी माझ्या स्वतःच्या भावालाही सांगणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहितो. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला मांसाचा तुकडा) जपून ठेवायला सांगा आणि त्यावर जनुकीय तपासणी आत्ताच करायला द्या. एनजीएस म्हणतात तिला. यकृताच्या आतल्या नलिकांच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या दहा ते पंधरा जणांत एफजीएफआर२ या जनुकाची जोडणी बदललेली सापडते आणि साधारण तितक्याच जणांत आयडीएच१ मध्ये बदल असतो. दोन्हींवर गोळ्या निघाल्या आहेत. पेमिगॅटिनिबला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ज्यांच्यात एफजीएफआर२ चा तो बदल होता अशा १०७ जणांत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या गाठी तिने लक्षणीय आटल्या. हर२ आणि एमएसआय या औषध निवडायला उपयोगी पडणाऱ्या खुणाही त्याच तपासणीत कळतात. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात. केमो थकल्यावर तपासणी करायला गेलं की तेव्हा वेळही नसतो आणि कधी कधी ब्लॉकमध्ये पुरेसं मांसही उरलेलं नसतं.

रातराणी | १७ जून, दुपारी ३:२०

दादा, मी चौदा वर्षं पुण्यातच केमोच्या डे-केअरला सिस्टर होते. डॉक्टरसाहेबांनी आकडे दिलेत, मी खुर्चीत बसल्यावर काय होतं ते सांगते.

जेम-सिस म्हणजे पहिला दिवस, आठवा दिवस, मग एक आठवडा सुट्टी. असं २१ दिवसांचं एक चक्र, आणि जास्तीत जास्त आठ चक्रं. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी रक्त द्यायचं : पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन. आठव्या दिवशी प्लेटलेट कमी आल्या म्हणून परत पाठवणं फार होतं. त्या दिवशी घरचे लोक रडवेले होतात. रडू नका, हे नेहमीचं आहे. डोस कमी करतात किंवा आठवडाभर पुढे ढकलतात.

सिस्प्लॅटिन किडनीला जड जातं. म्हणून आधी आणि नंतर सलाइन, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम घालतात. सगळं धरून चार-पाच तास. घरी आल्यावर पाणी, सरबत, पेज काहीही, पण लघवी भरपूर झाली पाहिजे. जेमसिटाबिन जाताना हाताची शीर जळजळते, तेव्हा गरम पाण्याची पिशवी मागा. सिस्टरला सांगायला लाजू नका.

उलटीचं औषध उलटी व्हायच्या आधी घ्यायचं असतं. पहिला दिवस बरा जातो, घरचे म्हणतात काही झालं नाही, गोळ्या कशाला, आणि तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. सिस्प्लॅटिनची मळमळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत येते. रात्रीची ओलॅन्झापिनची गोळी दिली असेल तर तिने झोपही लागते. चिठ्ठीवर नाव वाचून ही वेड्यांची गोळी आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मळमळीवर ती फार चांगली चालते. उलटीच्या बाकीच्या गोळ्यांनी पोट मात्र बांधलं जातं. त्याचं औषध पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

आता ताप. हे फ्रिजवर चिकटवून ठेवा. १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी भरली तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. जेमसिटाबिननंतर पहिल्या दिवशी नुसताही ताप येतो, खरं आहे. पण तुमच्या काकांना स्टेंट आहे. स्टेंट गाळाने तुंबतो आणि पित्तात जंतू होतात. थंडी वाजून ताप, लघवी परत गडद, खाज परत सुरू, यातलं काहीही दिसलं की तडक इमर्जन्सी. एक पिशवी भरून दाराशी ठेवा. फाइल, आधार, दोन कपडे, रोख पैसे.

आणि फाइल तारखेप्रमाणे लावा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा मुलगा तुमच्या काकांना पहिल्यांदा बघत असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद शोधण्यात अर्धा तास जातो.

हातांचं. सिस्प्लॅटिनने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पुढे बधिरपणा. सगळ्यांना होत नाही, चक्रं वाढतात तसं वाढतं. औषध बंद केल्यावरही काही महिने वाढू शकतं. म्हणून पहिल्या मुंगीला सांगायचं. काकांना म्हणावं, सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागला तरी सांगा.

निसर्गवाट | १७ जून, सायं ७:४८

रागावू नका, पण ६७ व्या वर्षी इतकी जहाल औषधं कशासाठी? माझ्या सासऱ्यांना केमोनंतर जे हाल सोसावे लागले ते मी जवळून पाहिलंय. गुळवेल, भुईआवळा, काढा देऊन शांतपणे राहू द्यावं असं मनापासून वाटतं.

मात्रा_वेलांटी | १७ जून, रात्री ९:३०

निसर्गवाट, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. केमो नको म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहेच, आणि काही वेळा तेच योग्य असतं. पण काढ्याबद्दल फार्मसिस्ट म्हणून बोलावंच लागेल. या आजारात प्रत्येक केमोचा डोस यकृताच्या रिपोर्टवर ठरतो. घरी काढा चालू असेल आणि एन्झाइम वाढले, तर ते गाठीमुळे, स्टेंटमुळे, केमोमुळे की काढ्यामुळे, हे कोणालाच कळत नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. पण ज्याचं यकृत आधीच आजारी आहे त्याच्यावर तो वाद आपण कशाला सोडवायचा? काही द्यायचंच असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला नाव सांगून द्या, लपवून नको.

जुजबंदी, पैशांबद्दल : जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन दोन्ही जुनी औषधं आहेत, भारतात अनेक कंपन्या बनवतात. छापील किमतीत आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतीत मोठा फरक असतो, दोन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. दुसरं मत हवं असेल तर परळला खेटे घालायच्या आधी टाटाची ऑनलाइन सोय बघा. 'नव्या' (Navya) असं त्या सेवेचं नाव आहे, कागद अपलोड केले की लेखी मत येतं.

जुजबंदी | १२ जुलै, रात्री १०:५०

सर्वांचे मनापासून आभार. उशीर झाला.

बिलिरुबिन १.७ वर आलं आणि १० तारखेला पहिली केमो झाली. सीए १९-९ (रक्तातली कॅन्सरची खूण) स्टेंटच्या आधी १,२४० होता. मी तो आकडा घेऊन रात्ररात्र जागलो. परवा केमोच्या आधी ३१५ आला. आजार कमी झाला म्हणून मी पेढे आणणार होतो, पण डॉक्टर म्हणाले, पित्त तुंबलं की हा आकडा उगाच वाढतो, उतरलाय तो काविळीमुळे. खरी सुरुवात ३१५ पासून धरायची. हे आधी माहीत असतं तर काही झोपा वाचल्या असत्या, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

एनजीएस पाठवलं. पॅथॉलॉजीच्या खिडकीवर ब्लॉक ताब्यात मिळायला दोन दिवस लागले.

ड्युर्वालुमॅबचं सांगतो. पेठेतली मागची खोली गहाण टाकायची मी तयारी केली होती. ओपीडी_सात यांचं लिहिलेलं काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "शंभरात पंधरा माणसांसाठी ही खोली जाते. त्या पंधरात मी असेन की नाही ते कोणी सांगू शकत नाही. आणि खोली गेली तर मी बसून काम कुठे करू?" मी वाद घातला. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. शेवटी त्यांचंच ऐकलं. बरोबर केलं की नाही, मला अजून माहीत नाही.

सांजवात | १३ जुलै, सकाळी ७:०२

माझ्या आईला हाच आजार होता. २०२१ मध्ये गेली, निदानापासून नऊ महिन्यांनी. तुमची खोलीची गोष्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या घरात कोणी आईला विचारलंच नाही. तिला आजाराचं नावही सांगितलं नव्हतं. सगळे निर्णय आम्ही तिघा भावंडांनी जिन्यात उभं राहून घेतले. तिला कळलं होतं, हे आम्हाला नंतर तिच्या वहीतून कळलं. तुमच्या काकांना विचारलं जातंय, ते भांडतायत, हे फार मोलाचं आहे. दोन दिवसांच्या अबोल्याचं मनाला लावून घेऊ नका.

दुसरं. वेदना आणि भुकेसाठी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना आत्ताच भेटून घ्या. आम्हाला वाटायचं तो शेवटचा दरवाजा आहे. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, १९९७ पासून, विनामूल्य. आम्ही आईला शेवटच्या अकरा दिवसांसाठी नेलं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने आधी आला असतात तर तिला इतके दिवस पाठदुखीत काढावे लागले नसते. केमो चालू असतानाही तिथे जाता येतं.

जुजबंदी | ८ सप्टेंबर, पहाटे ४:३०

रुग्णालयातून लिहितोय. काका आता झोपलेत.

रातराणीताई, तुमचा फ्रिजवरचा कागद उपयोगी पडला. विसर्जनाला आमच्या पेठेत गाडी हलत नाही, म्हणून ४ तारखेलाच काकांना आईकडे कोथरूडला आणून ठेवलं होतं. त्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. साठ वर्षांत त्यांनी अनंत चतुर्दशीला पेठ सोडली नव्हती. ६ तारखेला रात्री साडेनऊला हुडहुडी भरली. दात वाजत होते. ताप १०२. आई म्हणाली, पंखा जोरात होता म्हणून असेल, गोळी देऊन बघू. मी कागद दाखवला आणि पिशवी उचलली. अकराच्या आत अँटिबायोटिकचं सलाइन लागलं होतं.

स्टेंट तुंबला होता. काल सकाळी ईआरसीपी करून जुना प्लॅस्टिकचा काढला, धातूचा घातला. धातूचा जास्त दिवस मोकळा राहतो म्हणे. पांढऱ्या पेशी केमोमुळे आधीच कमी होत्या, बीपी खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी आला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं. नारायण पेठेतून त्या रात्री मी त्यांना कसं बाहेर काढलं असतं, याचा विचार मनात येतो आणि हात थरथरतो.

चौथं चक्र दोन आठवडे पुढे गेलं.

रातराणी | ८ सप्टेंबर, सकाळी ८:१०

देवा. दादा, आधी तुम्ही काहीतरी खाऊन घ्या.

तळजाई | ८ सप्टेंबर, सकाळी ८:४४

डबा आणते. कोणतं रुग्णालय ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

जुजबंदी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

चार चक्रांनंतरचा स्कॅन झाला. आठ सेंटिमीटरची गाठ साडेसहा. उजवीकडच्या लहान गाठी तशाच, नवीन काही नाही. सीए १९-९ ३१५ वरून १४०. एनजीएसमध्ये मात्र गोळी लागू पडेल असं काही निघालं नाही. केआरएएस हे जनुक बदललेलं, एमएसआय स्थिर. मी आशा लावून बसलो होतो, त्यामुळे रिपोर्ट वाचून दिवसभर काही सुचलं नाही.

आता दोन प्रश्न. गाठ आटली आहे तर ऑपरेशन पुन्हा विचारात घेता येतं का? आणि ही केमो थकली तर पुढे काय असतं?

ओपीडी_सात | २० ऑक्टोबर, रात्री ११:२०

पहिल्याचं उत्तर : सर्जनना हा स्कॅन जरूर दाखवा. गाठ आटून काही जणांचं ऑपरेशन नंतर होतं. पण काकांच्या बाबतीत अडचण नुसत्या आकाराची नाही, दोन्ही बाजूंना गाठी आहेत. "नाही" हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त, तेवढी मनाची तयारी ठेवून विचारा. आजार यकृतातच मर्यादित असेल तर रक्तवाहिनीतून किरणोत्सर्गी मणी सोडण्याची पद्धत असते, यिट्रियम-९०. केमोबरोबर ती काही ठिकाणी वापरतात. फ्रान्समधल्या एका छोट्या चाचणीत तिने काहींना ऑपरेशनपर्यंत नेलं. पण ती केमोसारखी मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेली नाही, आणि बराच काळ काविळीचा त्रास झालेल्या यकृताला ती झेपेल का, हे आधी तपासावं लागतं.

रिपोर्टबद्दल : बहुतेकांचा असाच येतो. तपासणी केली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

मुठाकाठ | २१ ऑक्टोबर, दुपारी १:०५

मी कोथरूडचाच, सध्या मँचेस्टरला. माझ्या पत्नीचा हाच आजार, दुसऱ्या टप्प्यातून आम्ही गेलो आहोत म्हणून लिहितो.

पहिली केमो थकल्यावर नेहमी फॉलफॉक्स देतात. त्यात ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. एबीसी-०६ चाचणी, १६२ रुग्ण, २०२१. मध्यक ५.३ वरून ६.२ महिने. दिसायला थोडंच. पण वर्षभरानंतर हयात असलेले शंभरात ११ च्या ऐवजी २६. तुमच्या काकांच्या दृष्टीने यातली गोम ऑक्सॅलिप्लॅटिनची आहे. बोटांवर सिस्प्लॅटिनपेक्षाही जास्त परिणाम करतं. थंड पाण्यात हात घातला की सुया टोचतात, फ्रिजमधलं भांडं माझी पत्नी हातमोजे घालून काढायची.

दुसरा मार्ग इरिनोटेकॅन आणि ५-एफयूचा. कोरियात लायपोसोमल इरिनोटेकॅनवर चाचणी झाली, नुसत्या ५-एफयूपेक्षा आजार जास्त काळ थोपला. मात्र नंतर जर्मनीत तशीच चाचणी झाली तेव्हा तो फायदा दिसला नाही, त्यामुळे डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत. यात हात वाचतात. जुलाब होतात, केस जातात, आणि बिलिरुबिन वाढलेलं असेल तर हे औषध देत नाहीत. आम्ही फॉलफॉक्स घेतलं, कारण तेव्हा बोटांचा विचार कोणी मांडलाच नव्हता. ती सतार वाजवायची. काका जे विचारतायत ते फाइलवर लिहून घ्यायला सांगा. "रुग्ण हातकाम करतो" एवढे तीन शब्द.

जुजबंदी | २१ ऑक्टोबर, रात्री ११:००

मुठाकाठ, तुमचं वाचून काकांनी एवढंच विचारलं, "सतार कुठे आहे आता?"

मुठाकाठ | २२ ऑक्टोबर, पहाटे २:१६

इथे भिंतीशी आहे. तारा उतरवून ठेवल्यात, गवसणीत आहे. काकांना माझा नमस्कार सांगा.

जुजबंदी | २५ जानेवारी २०२६, सायं ६:३०

बरेच दिवसांनी लिहितोय, काहींनी निरोप पाठवून विचारलं होतं.

सर्जनचं उत्तर "नाही" असंच आलं. सहाव्या चक्रानंतर काका जेवताना म्हणाले, दोरा सुईत जात नाही. दोन दिवस त्यांना वाटत होतं चष्म्याचा नंबर बदलला. तर्जनी आणि अंगठ्याची टोकं बधिर झाली होती. ऑन्कॉलॉजिस्टना सांगितलं. फाइलच्या पहिल्या पानावर "रुग्ण हातकाम करतो" लिहिलेलं होतंच. त्यांनी सिस्प्लॅटिन थांबवलं, नुसतं जेमसिटाबिन चालू ठेवलं. औषध कमी केलं म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांनी समजावलं की सिस्प्लॅटिनचा बराचसा फायदा सहा चक्रांत घेऊन झालाय, बोटं मात्र गेली तर परत येतील असं सांगता येत नाही.

परवा पुन्हा स्कॅन झाला. गाठ ६.३. उजवीकडे तसंच. वजन दोन किलो वाढलं. वारज्याला महिन्यातून एकदा जातो. पाठीच्या दुखण्यावर रात्री मॉर्फिनची छोटी गोळी आहे. तिचं नाव ऐकून आई घाबरली होती. आता काका रात्रभर झोपतात, त्यामुळे तीच वेळेवर आठवण करते. थकवा आहे. दुपारी दीड तास पडून राहतात, मग चार ते सहा कारखान्यात बसतात. बारीक शिलाई जमत नाही. पुठ्ठे कापणं, खळ लावणं जमतं. शिलाईला आता मी बसतो आणि ते शेजारून टाका चुकला की सांगतात.

पुढे गाठ वाढली तर इरिनोटेकॅन, फॉलफॉक्स नाही, हे त्यांनी डॉक्टरांसमोर सांगून ठेवलंय. तेव्हा बिलिरुबिन साथ देईल का, ते त्या वेळी बघू.

सांजवात | २५ जानेवारी, रात्री ८:१२

वाचून खूप बरं वाटलं. फाइल अजून पिशवीतच आहे का? मागे रातराणीताई रागावल्या होत्या.

जुजबंदी | २५ जानेवारी, रात्री ९:४०

नाही ताई. ऑगस्टमध्येच काकांनी सगळे कागद तारखेने लावले, कडा कापल्या, गडद निळ्या कापडाचा पुठ्ठा केला. परवा स्कॅन झाल्यावर मी म्हटलं, इतका जाड झालाय, आता शिवून टाकू का? तर नको म्हणाले. भोकं पाडून नाडीनेच बांधलंय. "शिवलं की पान घालता येत नाही. अजून कागद यायचेत."